सुव्यवस्था व अव्यवस्था यांचा तोल : शेतकऱ्यांसाठी एक पाठ

१. विषयप्रवेश

आपल्या व्यवसायात दोन प्रकारची माणसे आढळतात. पहिल्यास असे वाटते की, सर्व गोष्टी नियमाने घट्ट बांधून टाकिल्या म्हणजे पीक यावयाचेच. दुसऱ्यास असे वाटते की, पाऊस, रोग व बाजारभाव ही तिन्ही देवाच्या हाती असल्याने नियम करणेच व्यर्थ होय. दोघेही कष्टाळू असू शकतात व दोघेही सारखेच नागवले जातात. असे का होते, याचा विचार गेल्या साठ वर्षांत शास्त्रज्ञांनी पुष्कळ केला आहे. अनेक घटक परस्परांत गुंतून जेथे एक रचना बनते, तेथे ती केव्हा टिकते, केव्हा साचून मरते व केव्हा उधळते, हे पाहणाऱ्या शास्त्रास आपण गुंतागुंतीच्या रचनांचे शास्त्र म्हणू. हवामान, किडी, बाजार, गाव व गावाचे पाणी ही सर्व अशा रचनांची उदाहरणे होत. तेव्हा हे शास्त्र शेतकऱ्याच्या उंबरठ्याबाहेरचे नव्हे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. पिकांची पैसेवारी ठरविण्याचे कागद हातांखालून अनेक वर्षे गेले. साऱ्या गावास एक आकडा द्यावयाचा, अशी ती पद्धत. पण एकाच बांधाच्या अल्याड बाजरी कणसाने वाकलेली व पल्याड करपलेली, असे दृश्य दर हंगामी पाहावे लागे. आकड्यावाचून सरकारचे काम चालत नाही, हे खरे. परंतु आकड्यात शिवार मावत नाही, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांचा मेळ कसा घालावा, या विचारातून हा पाठ लिहिला आहे.

२. एका विहिरीची हकीकत

प्रथम घरची गोष्ट सांगतो. आमच्या सणसवाडीच्या शिवारात भावकीतील तीन घरांची मिळून एक दगडी पायऱ्यांची विहीर आहे. आजोबांनी पाण्याची पाळी लावून दिली होती. प्रत्येक घरास चार दिवस, असा बारा दिवसांचा फेरा. पाळी कोणी बदलावयाची नाही, मागावयाची नाही, द्यावयाची नाही. मोट होती तोपर्यंत व पुढे सामाईक इंजिन होते तोपर्यंत हा नियम निमूटपणे चालला. मग एका वर्षी मधल्या घराचा कांदा गाठ धरण्याच्या वेळी पाण्यावाचून सुकू लागला. त्याच दिवसांत थोरल्या घरची पाळी चालू होती व त्यांचे पीक निघून गेलेले होते. त्यांचे पाणी मोकळ्या रानात गेले. कांदा मात्र वाळला. नियम मोडला नाही, पीक मोडले.

याचा राग येऊन पुढल्या वर्षी पाळीच काढून टाकण्यात आली. तिन्ही घरांनी आपापल्या विजेच्या मोटरी बसविल्या. ज्यास जेव्हा गरज, त्याने तेव्हा पाणी घ्यावे, असे ठरले. हा शहाणपणाचा मार्ग आहे, असे सांगणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. मोटर आणण्यास पुण्यास तोच गेला होता. परिणाम असा झाला की, रात्री वीज येताच तिन्ही मोटरी एकदम सुरू होऊ लागल्या. आपण थांबलो तर दुसरा उपसून नेईल, ही धास्ती प्रत्येकास होती. एरव्ही चैत्रापर्यंत पुरणारी विहीर त्या वर्षी माघ अखेरीस तळास गेली. होळीला गुरांसाठी पाणी बैलगाडीतून आणावे लागले, आणि वर्षभर तिन्ही घरांचे एकमेकांच्या ओट्यावर जाणेयेणे बंद राहिले.

तिसऱ्या वर्षी धाकट्या चुलतीने तोड काढिली. पाळी पूर्ववत चार दिवसांचीच राहील. पण आपली पाळी दुसऱ्यास उसनी देता येईल व ती पुढच्या दोन फेऱ्यांत परत घेता येईल. मोटर एका वेळी एकच चालेल. विहिरीतील एका पायरीवर चुन्याची खूण केली. पाणी त्या खुणेखाली उतरले की सर्वांची पाळी निम्मी होईल, उभ्या पिकास प्रथम पाणी मिळेल व नवी लागवड कोणी करणार नाही. नियम एवढे तीनच. ते करण्यास चावडी लागली नाही की वकील लागला नाही. त्या नियमांवर ती विहीर आजतागायत चालली आहे.

या हकीकतीत तीन अवस्था आहेत. पहिलीत व्यवस्था इतकी ताठर की बदलत्या गरजेस तीत जागाच नाही. दुसरीत मोकळीक इतकी की एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. तिसरीत थोडे नियम पक्के व बाकीचे हात मोकळे. शास्त्रज्ञ ज्यास सुव्यवस्था व अव्यवस्था यांमधील तोल म्हणतात, तो हाच. आता त्याचे कारण पाहू.

३. पाटीवर करून पाहावयाचे गणित

अव्यवस्था म्हणजे नियमांचा अभाव, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. अगदी साधा व पक्का नियम असूनही त्यातून अव्यवस्था कशी निपजते, हे रॉबर्ट मे नामक ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९७६ साली एका प्रसिद्ध लेखात दाखविले. ते गणित घरातील शाळकरी मुलाकडून पाटीवर करवून घेता येईल.

एका शेतात एखाद्या किडीची जास्तीत जास्त १०० भाग संख्या मावते, असे समजावे. या वर्षीची संख्या घ्यावी. ती १०० तून वजा करून जे उरेल, त्याने मूळ संख्येस गुणावे व १०० ने भागावे. आलेल्या उत्तरास वाढीच्या गुणकाने गुणिले की पुढील वर्षीची संख्या मिळते. कीड थोडी असता खाणे मुबलक म्हणून ती वाढते. फार झाली की उपासमारीने घटते, एवढाच या नियमाचा अर्थ.

गुणक २ धरून २० पासून आरंभ केल्यास पुढील वर्षांच्या संख्या अशा येतात : ३२, ४४, ४९, ५०, ५०. कीड एका ठिकाणी स्थिर झाली. आता गुणक ३.२ धरावा : ५१, ८०, ५१, ८०. एक वर्ष कमी, एक वर्ष जास्त, असा हेलकावा कायमचा सुरू झाला. आता गुणक ४ धरावा : ६४, ९२, २९, ८२, ५९, ९७, ११. येथे काही ताळमेळ दिसत नाही. याच गुणकाने २० ऐवजी २१ पासून आरंभ केल्यास काय होते ते पाहावे : ६६, ८९, ३८, ९४, २१, ६६, ९०. पहिली दोन वर्षे दोन्ही हिशेब जवळजवळ चालतात. सातव्या वर्षी एकात ११ येतात व दुसऱ्यात ९०. आरंभीचा फरक केवळ एकाचा होता.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, नियम तोच असता केवळ वाढीचा जोर वाढल्याने शांत रचना हेलकावू लागते व हेलकावणारी रचना उधळते. दोन, उधळलेल्या अवस्थेत लहानशी चूक दरवर्षी फुगत जाते, म्हणून दूरचे भाकीत करता येत नाही. दुसरी गोष्ट अमेरिकेतील एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञास १९६१ साली गणकयंत्रावर काम करीत असता अकस्मात दिसली. त्याने ०.५०६१२७ या आकड्याऐवजी सोयीसाठी ०.५०६ एवढाच आकडा घातला, आणि यंत्राने वर्तविलेले हवामान थोड्याच काळात पूर्वीच्या उत्तराहून अगदी निराळे झाले. १९६३ साली त्याने हा विचार प्रसिद्ध केला. अमुक दिवशी अमुक गावी पाऊस पडेल, असे दोन आठवड्यांपलीकडे नेमके सांगणे का दुरापास्त आहे, याचे कारण येथे आहे. वेधशाळेचा तो आळस नव्हे. संबंध मोसमाचे सरासरी मान सांगणे निराळे व आपल्या वावरावरचा पाऊस तारखेनिशी सांगणे निराळे, हा भेद शेतकऱ्याने विसरू नये.

४. गुंतागुंत म्हणजे काय

घड्याळात पुष्कळ चाके असतात, परंतु एका चाकाने दुसऱ्याचे वागणे पाहून आपले वागणे बदलले, असे कधी घडत नाही. म्हणून घड्याळ कितीही अवघड असले तरी गुंतागुंतीचे नव्हे. कांद्याच्या बाजाराचे तसे नाही. यंदा भाव चढला की चाकणपासून लासलगावापर्यंत हजारो शेतकरी एकच विचार करून कांदा लावितात. पीक एकदम बाजारात येते, भाव कोसळतो. हात पोळलेले शेतकरी पुढल्या हंगामास लागवड कमी करितात आणि भाव पुन्हा चढतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या परीने शहाणपणाचा असतो. सर्वांचा मिळून मात्र मूर्खपणा होतो. पाटीवरील ५१ व ८० चा हेलकावा तो हाच. प्रत्येक घटक दुसऱ्याकडे पाहून वागतो व त्यातून कोणाच्याही मनात नसलेले फळ निघते, ही गुंतागुंतीच्या रचनेची ओळख होय.

दुसरे उदाहरण खळ्यावरचे घ्यावे. धान्याच्या राशीवर वरून थोडेथोडे धान्य सोडीत गेल्यास रास उंच होते व तिचा उतार एका मर्यादेस येऊन पोहोचतो. पुढे पडणारा दाणा बहुधा जागीच राहतो. केव्हा चार दाणे घरंगळतात. केव्हा अर्धी बाजू खाली येते. १९८७ साली पेर बाक व त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी वाळूच्या राशीचा हा विचार गणिताने मांडिला. पुढे १९९६ साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी खरोखरच्या तांदळाच्या राशी करून पाहिल्या. लांबट दाण्याच्या राशीत लहानमोठ्या सर्व आकारांच्या घसरणी त्यांना आढळल्या. आखूड दाण्याच्या राशीत तसे झाले नाही. म्हणजे राशीचे भवितव्य वरून पडणाऱ्या दाण्यावर तेवढे अवलंबून नसते; आतील दाणे एकमेकांत कसे अडकले आहेत, यावर ते असते.

अमेरिकेत सांता फे येथे १९८४ साली अशा रचनांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. तेथील व अन्य काही संशोधकांनी असे मत मांडिले की, जी रचना फार ताठर नाही व फार विसकळीतही नाही, तीच शिकू शकते व बदलत्या काळाशी जुळते. या मधल्या जागेस त्यांनी अव्यवस्थेचा काठ असे नाव दिले. हा सर्वमान्य सिद्धांत नव्हे. त्यावर आक्षेप घेणारेही विद्वान आहेत. तथापि व्यवहारात त्याची प्रचीती कशी येते, हे आपल्याच तालुक्याच्या इतिहासात पाहता येते.

५. शिरूर तालुक्याचा दाखला : १८७५

पेशवाई गेल्यानंतर इंग्रज सरकारने पुणे जिल्ह्यात जमिनीचा सारा ठरविण्यास आरंभ केला. १८३० च्या सुमारास प्रिंगल नामक अधिकाऱ्याने प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढून, त्यातून लागवडीचा खर्च वजा करून, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे, असा अतिशय बारीक हिशेब बसविला. कागदावर तो निर्दोष होता. पण मोजणी सदोष, हाताखालच्या लोकांची लबाडी पुष्कळ, आणि खरे उत्पन्न वर्षावर्षाला बदलणारे. सारा पेलेना, रयत जमिनी सोडून जाऊ लागली व शिवारेच्या शिवारे पडीक झाली. अतिव्यवस्थेने अव्यवस्था निपजली.

पुढे गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडिला. जमिनीची प्रत आण्यांत ठरविली, दर हलके ठेविले व ते तीस वर्षे न बदलण्याचे वचन दिले. त्याचबरोबर, न परवडणारा नंबर राजीनामा देऊन सोडण्याची मोकळीक खातेदारास ठेविली. दर पक्का, पण हात मोकळा. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. आमच्या दप्तरातील पुष्कळ कागदांचे मूळ त्याच पाहणीत आहे.

परंतु तोल एकदा साधला म्हणजे कायमचा साधला, असे होत नाही. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला व मुंबई इलाख्यातील कापसास सोन्याचे मोल आले. पैसा खेळू लागला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव उतरले. नेमके त्याच सुमारास, १८६७ पासून, तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांतून नवी आकारणी होऊन सारा पुष्कळ वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. ती ऋणकोच्या हिताची म्हणून, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. साऱ्याची तारीख ठरलेली, रोख्याची तारीख ठरलेली, कोर्टाचा हुकूमनामा ठरलेला. पाऊस व भाव मात्र न ठरलेले. एकाचा हप्ता चुकला की जामीन, भाऊबंद व शेजारी असे सर्वच त्यात ओढिले जात. दाणे एकमेकांत घट्ट अडकत चालले होते.

१८७४ च्या डिसेंबरात आपल्या शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखाविरुद्ध जप्तीचा हुकूम मिळविला व त्याचे घर पाडावयास लाविले. गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे दुकान, त्याचे शेत, त्याचे पाणी भरणे, सर्व बंद झाले. ही चाल गावोगाव पसरली. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव उठला व सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी करण्यात आली. थोड्याच दिवसांत शिरूर, पारनेर, श्रीगोंदे इत्यादी तालुक्यांतून तेच घडले. माणसांच्या जिवावर हल्ले क्वचितच झाले. लोकांचा रोख कागदांवर होता. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमिला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यापूर्वी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येऊन गेला होता.

दीडशे रुपयांनी दोन जिल्हे पेटले, असे कोणी म्हणेल. ते खरे नव्हे. करडे येथील दाणा शेवटचा होता इतकेच. रास तीसपस्तीस वर्षे रचली जात होती. तो दाणा पडला नसता तर दुसरा पडला असता. म्हणून संकट आल्यावर शेवटचा दाणा कोणाचा, हे शोधीत बसण्यापेक्षा आपली रास किती उभी झाली आहे, हे आधी पाहणे शहाणपणाचे.

६. तोल साधणाऱ्या रचना

आता उलट बाजू पाहू. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम इत्यादी नद्यांवर फड बागाईत नावाची पद्धत तीनचारशे वर्षे चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, व पाटाखालील जमिनीचे मोठमोठे फड. एका हंगामात एका फडात एकच पीक घ्यावयाचे. ऊस असला तर एका फडात, दुसऱ्यांत हंगामी पिके, एखादा फड विसाव्यास, व दरवर्षी फेरपालट. बहुतेक खातेदारांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असल्याने लाभ व तोटा सर्वांना सारखा. पाणी शेतकऱ्याने स्वतः सोडावयाचे नाही. ते पाटकऱ्याने द्यावयाचे व पिकाची राखण जागल्याने करावयाची. हे नियम पक्के. पण यंदा किती फड भिजवावयाचे, हे मात्र पंचांनी नदीचे पाणी पाहून ठरवावयाचे. पाणी कमी, तर फड कमी. काही घटका ताठ आहेत, काही लवचीक आहेत, आणि कोणती ताठ ठेवावयाची व कोणती वाकवावयाची, हे पाणी पिणाऱ्यांनीच ठरविलेले आहे. पुढे जेथे जो तो आपल्या विहिरीकडे व आपल्या पिकाकडे वळला, तेथे ही पद्धत मोडकळीस आली.

आजच्या काळातील दाखला आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा आहे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यापासून या कमी पावसाच्या गावाने आपली घडी बदलली. शेतीसाठी विंधनविहीर नाही, ऊस व केळी नाही, मोकाट चराई नाही, कुऱ्हाड नाही, हे निषेध पक्के. याउलट पिकांचे क्षेत्र पक्के नाही. पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांचे व गुरांचे पिणे प्रथम, मग पिके. आणि पाऊस उणा असेल तर रब्बीचे क्षेत्र सर्वांनी मिळून आखडते घ्यावयाचे.

समुद्रापलीकडे बाली बेटावरही असेच दिसले आहे. तेथे भातशेतीचे पाणी वाटणारे सुबक नावाचे संघ आहेत व त्यांचा मेळ पाण्याच्या देवळांतून घातला जातो. सर्वांनी एकदम भात लावून एकदम रान मोकळे ठेविले तर किडीस खावयास उरत नाही, पण पाण्यास एकाच वेळी ओढ लागते. ज्याने त्याने वाटेल तेव्हा लाविले तर पाणी पुरते, पण किडीस बारमाही अन्न मिळते. शेजारशेजारच्या संघांनी एकत्र व दूरच्या संघांनी वेगळ्या वेळी लागवड करणे, हा त्यांचा मधला मार्ग होता. १९७० नंतरच्या दशकात जास्तीत जास्त वेळा पीक घ्या, असा उपदेश वरून आला व जुना मेळ सुटला. तेव्हा किडीने भात फस्त केले. पुढे लॅन्सिंग व क्रेमर या दोघा अभ्यासकांनी १९९३ साली गणकयंत्रावर हे ताडून पाहिले. शेजाऱ्याचे पाहून प्रत्येक संघ आपली वेळ थोडी मागेपुढे करीत गेला, तर कोणीही वरून हुकूम न देता बहुतेक तसाच मेळ आपोआप जमतो, असे त्यांना आढळले.

७. आपण काय करावे

आमचे गाव पुणे व अहिल्यानगर यांमधील हमरस्त्यावर आहे. शिवारात कारखाने उभे राहिले आहेत, जमिनीस भाव आला आहे, तालुक्याच्या काही भागास चासकमानच्या कालव्याचे पाणी मिळते, व जेथे ते मिळत नाही तेथे विंधनविहिरींची चढाओढ आहे. शेजाऱ्याने तीनशे फूट नेली की आपण चारशे नेतो. माझ्या विहिरीवर तीन मोटरी एकदम चालत होत्या. आज तोच प्रकार जमिनीच्या पोटात चालला आहे, एवढेच की तो डोळ्यांस दिसत नाही. तेव्हा वरील विवेचनातून पुढील बोध घ्यावा.

पहिला बोध : नियम थोडे असावेत, पण ते मोडू नयेत. तीस नियमांचा ठराव दप्तरात राहतो. तीन नियमांचा ठराव विहिरीवर राहतो.

दुसरा बोध : नियमात उसनवारीस जागा असावी. ज्या पाळीची अदलाबदल होऊ शकत नाही, ती पाळी एखाद्या वर्षी पीक मारल्यावाचून राहत नाही.

तिसरा बोध : धोक्याची खूण सुकाळातच करून ठेवावी. पाणी कोणत्या पायरीखाली गेले म्हणजे काय करावयाचे, हे पाणी भरपूर असतानाच ठरते. विहीर आटल्यावर ठरते ते भांडण.

चौथा बोध : सर्व रान एकाच पिकाखाली व सर्व देणे एकाच तारखेस असू नये. थोडी बाजरी, थोडी तूर, थोडा कडबा व थोडी शिल्लक यांचा बाजारभावाने हिशेब केल्यास तोटा दिसेल. परंतु घसरण एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ न देणारा बांध तोच असतो. १८७५ च्या लोकांजवळ तो उरला नव्हता.

पाचवा बोध : दूरच्या भाकितावर सर्वस्व लावू नये व भाकितास हसूही नये. पेरणीचे दोन बेत तयार ठेवून, पाऊस लांबला तर दुसऱ्या बेतास लागावे.

वाचकांस एक अभ्यास सुचवितो. आपल्या विहिरीच्या किंवा विंधनविहिरीच्या भोवती, हाकेच्या अंतरावर, पाणी उपसणारे किती जण आहेत, त्यांची नावे एका कागदावर लिहावी. प्रत्येकाचे पीक व मोटर चालविण्याची वेळ पुढे मांडावी. शेवटी, यांपैकी किती जणांशी पाण्याविषयी आपले गेल्या वर्षभरात बोलणे झाले, ते लिहावे. तो शेवटचा आकडा शून्य निघाला, तर आपली रास फार उभी झाली आहे, असे समजून त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसावे. आमच्या भावकीत ते बसणे एक वर्ष उशिरा झाले. त्या वर्षात विहीर आटलीच. शिवाय थोरल्या चुलत्यांनी देह ठेविला तेव्हा मधल्या घरचे कोणी खांदा देण्यास आले नाही. विहिरीस पाणी पुन्हा आले. ती गोष्ट भरून निघाली नाही.